बेचाळीस मीटरवरचा आवाज

आमच्या सोपाऱ्याच्या घरात एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. खटका दाबला की आधी काचेमागचा दिवा लागायचा. मग मिनिटभर काहीच नाही. आणि मग कोणीतरी लांबून चालत यावं तसा हळूहळू आवाज यायचा. त्या काचेवर आकडे छापलेले होते: 25, 31, 41, 49. पुढे लिहिलेलं, ‘मीटर’. मला मीटर ठाऊक होता तो कापडाच्या दुकानातला. मी अब्बांना विचारलं, “रेडिओत कसलं कापड मोजतात?”

अब्बा मुंबईला गिरणीत वायरमन होते. ते हसले. म्हणाले, “कापड नाही, लाट मोजतात. अर्नाळ्याच्या समुद्रावर एका लाटेच्या माथ्यापासून दुसऱ्या लाटेच्या माथ्यापर्यंत किती अंतर असतं, तसंच हे. फक्त ही लाट दिसत नाही.”

पुढे शाळेत गुरुजींनी त्याचा हिशेब शिकवला. रेडिओची लाट प्रकाशाच्याच वेगानं धावते, सेकंदाला तीस कोटी मीटर. म्हणून 300 ला लाटेच्या लांबीनं भागलं की फ्रिक्वेन्सी मिळते, मेगाहर्ट्झमध्ये. मला कवितेच्या वृत्तांआधी पाठ झालेलं गणित ते हेच. त्याचा उपयोग पुढे कुठे झाला, तेच आज सांगणार आहे.

11 ऑगस्ट 2000 रोजी उषा मेहता गेल्या. दुसऱ्या दिवशी विरार लोकलमध्ये मी त्यांच्यावरचा मजकूर वाचत होतो. त्यात 1942 च्या काँग्रेस रेडिओची हकीकत होती आणि एक आकडा होता: 42.34 मीटर. बाकीचे लोक पान उलटून पुढे जातात, तिथे मी थांबलो. पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या समासात भागाकार केला. उत्तर आलं 7.085. म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर. मी चमकलो. हा तर हौशी रेडिओवाल्यांचा पट्टा! जगभरचे ‘हॅम’ ज्याला चाळीस मीटरचा बँड म्हणतात, तोच. सातापासून 7.2 मेगाहर्ट्झपर्यंतची ती जागा आजही आपल्या देशात हौशी लोकांसाठी राखलेली आहे. स्वातंत्र्याचं भूमिगत केंद्र नेमकं तिथेच का बोलत होतं?

याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे रेडिओ आधी हौशी माणसांच्या हातात आला, सरकारच्या नंतर. 1921 मध्ये कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी हौशी केंद्र सुरू केलं. ते आपल्या देशातले पहिले हॅम मानले जातात. त्याच वर्षी मुकुल बोस आले. 1923 मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबनं कार्यक्रम प्रसारित करायला सुरुवात केली. नियमित कंपनी आली ती 1927 मध्ये आणि ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं 1936 मध्ये. म्हणजे आधी तारा गुंडाळणारे, कथील वितळवणारे, बोटं भाजून घेणारे लोक होते. खातं मागाहून आलं.

1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सरकारनं हौशी परवाने थांबवले. ज्यांच्याकडे बोलायची यंत्रं होती, त्यांना ती पोलिसांत जमा करण्याचे हुकूम गेले. यंत्रं जमा होतात, ज्ञान कसं जमा करणार? कॉइलला किती वेढे द्यायचे, एरिअल किती लांब ठेवायची, हे ज्याच्या बोटांत बसलं आहे, त्याच्याकडून ते पोलीस ठाण्यात काढून घेता येत नाही.

8 ऑगस्ट 1942 ला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. लोकांना काही कळेना. त्या वेळी उषाबेन बावीस वर्षांच्या होत्या, शिकत होत्या. त्यांच्यासोबत विठ्ठलदास खाकर ऊर्फ बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी अशी तरुण मंडळी होती. त्यांच्या मनात आलं, आपलं स्वतःचं रेडिओ केंद्र असावं. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांची मदत मिळाली. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर लावणारी ती हीच कंपनी. आणि यंत्र जुळवायला मिळाले नरिमन प्रिंटर. हे प्रिंटर म्हणजे युद्धाआधीचे हौशी रेडिओवाले. मग आवाज चाळीस मीटरच्या पट्ट्यात का उमटला, हे वेगळं सांगायला नको. माणसाच्या हाताला ज्या घराचं दार माहीत असतं, तेच दार तो अंधारात उघडतो.

ऑगस्टच्या अखेरीस तो आवाज आला. सुरुवातीची घोषणा प्रसिद्ध आहे: हे काँग्रेस रेडिओ आहे, 42.34 मीटरवरून, हिंदुस्थानातून कुठूनतरी. राममनोहर लोहिया त्यावरून बोलत. चितगावच्या बॉम्बहल्ल्याची, जमशेदपूरच्या संपाची आणि आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरची बातमी या केंद्रानं दिली. ज्या बातम्या छापायला वर्तमानपत्रं धजत नव्हती, त्या हवेतून गेल्या.

आता असं केंद्र असतं तरी कसं? लोकांना वाटतं, फार गूढ असेल. तसं नाही. वाडीतला झोका आठवा. झोक्याला आपली एक लय असते. त्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. लय चुकवून कितीही जोर लावा, तो अडखळतो. रेडिओत हेच काम एक कॉइल आणि एक कंडेन्सर मिळून करतात. वीज कॉइलमधून कंडेन्सरमध्ये आणि कंडेन्सरमधून परत कॉइलमध्ये झोके घेते. वेढे वाढवले की झोका संथ होतो, कमी केले की जलद. हा झोका थांबू नये म्हणून व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर त्याला वेळच्या वेळी धक्का देत राहतो. सेकंदाला सत्तर लाख झोके झाले की आपण सात मेगाहर्ट्झवर पोचलो. मग त्या झोक्याची ताकद वाढवायची, मायक्रोफोनमधल्या आवाजानं त्याची उंची कमी-जास्त करायची आणि ते सगळं तारेवर सोडून द्यायचं.

ती तार मात्र मापाची हवी. लाट बेचाळीस मीटरची असेल तर तार तिच्या निम्मी, एकवीस मीटर. तारेतून लाट हवेपेक्षा थोडी हळू चालते, म्हणून आणखी थोडी कापायची. झाली वीस मीटर. मधोमध तोडून दोन बाजूंना दहा-दहा मीटर ताणायची. याला डायपोल म्हणतात. आमच्या वसईच्या वाडीत दोन माडांमध्ये ती सहज बसते. गिरगाव-चौपाटीच्या इमारतीत ती लपवायची म्हणजे काय पंचाईत झाली असेल, याचा विचार करा.

आणि लपवून तरी किती लपवणार? रेडिओचा एक स्वभाव आहे. तो बोलला की आपली जागाही सांगून टाकतो. हे तुम्हाला घरी करून पाहता येईल. हातातला लहान ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवरच्या एखाद्या केंद्रावर लावा आणि तो आडवा ठेवून हळूहळू फिरवा. एका कोनात आवाज अगदी बारीक होईल. आत जी काळी कांडी असते, तिचं टोक त्या वेळी केंद्राच्या रोखानं असतं. नकाशावर तशी रेघ काढा. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी रेघ काढा. जिथे रेघा एकमेकींना कापतील, तिथे केंद्र. पोलिसांच्या गाड्या मुंबईत याच तत्त्वावर फिरत होत्या. म्हणून काँग्रेस रेडिओ बिऱ्हाड बदलत राहिला. चौपाटीवरचं सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचं अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भुवन, गिरगावातली पारेख वाडी, वाळकेश्वरचं रतन महाल. शेवटचं बिऱ्हाड महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला.

12 नोव्हेंबर 1942 ला तिथेच दार फोडून पोलीस आत आले. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी पकडले गेले. आपला तंत्रज्ञच फुटला आणि त्यानं जागा दाखवली, असं उषाबेन पुढे सांगत. मला या हकीकतीतली ही गोष्ट सगळ्यांत जास्त टोचते. ज्या बोटांनी आवाजाला वाट करून दिली, तीच बोटं पोलिसांना दाराकडे घेऊन गेली. तंत्र माणसाला बळ देतं, पण निष्ठा देत नाही. ती वेगळी कमवावी लागते. 1943 मध्ये खटल्याचा निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांत यांना एक. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. उषाबेन येरवड्यातून बाहेर आल्या त्या 1946 मध्ये. जेमतेम तीन महिने चाललेलं केंद्र, आणि त्याची किंमत इतकी.

आता थोडं माझ्या तारेबद्दल.

मी नववीत असताना पहिला क्रिस्टल सेट केला. पुठ्ठ्याच्या नळीवर इनॅमलच्या तारेचे वेढे, एक कंडेन्सर, जर्मेनियमचा एक डायोड आणि कानाला लावायची एक भोंगडी. बॅटरी नाही, वीज नाही. मालाडच्या प्रक्षेपण केंद्रातून जी लाट यायची, तिच्याच जोरावर तो वाजायचा. त्या दिवशी मी जेवलो नाही. सुटे भाग अब्बांनी लॅमिंग्टन रोडवरून आणून दिले होते आणि सोल्डरिंगही त्यांनीच शिकवलं.

त्यांचे धडे आजही उपयोगी पडतील असे आहेत. तार आधी घासून चकचकीत करायची, मळक्या तारेला कथील धरत नाही. इस्त्री कथलावर नाही, जोडावर टेकवायची. जोड तापला की कथील आपोआप पाण्यासारखं पसरतं. ते थिजेपर्यंत हात हलवायचा नाही, फुंकर मारायची नाही. जोड चमकला तर पक्का, मातकट दिसला तर पुन्हा करायचा. व्हॉल्व्हचा सेट बंद केला म्हणून लगेच आत हात घालायचा नाही, कंडेन्सर वीज धरून बसतो. तपासताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे धक्का बसलाच तर छातीतून जाणार नाही. एरिअलची तार विजेच्या तारांच्या जवळपासही नको. आणि आभाळ गडगडू लागलं की ती सेटपासून सोडवून बाहेर टाकायची. अब्बा म्हणायचे, “घाई करणाऱ्याचा जोड सुटतो.” हे त्यांनी मला लग्नाच्या वेळीही ऐकवलं.

बी.ए. झालो तोवर माझ्याकडे शॉर्ट वेव्हचा एक बरा सेट आला होता. मागच्या वाडीत दोन माडांमध्ये वीस मीटरची तार बांधली होती. रात्री झोपायच्या आधी मी हॅम लोकांची बोलणी ऐकत असे. कोणी बंगळूरचा, कोणी कोलंबोचा. काय बोलायचे? आज हवा कशी आहे, तुमचा आवाज किती स्पष्ट येतो, एरिअल कोणती लावली. बस्स. पण प्रत्येक जण आधी आपलं नाव सांगायचा, म्हणजे सरकारनं दिलेलं सांकेतिक नाव, कॉल साइन. आपल्या देशातल्यांची व्ही-यू या अक्षरांनी सुरू होतात. मग गाव सांगायचा. परीक्षा द्यावी, आपणही एक दिवस म्हणावं, ‘इथे सोपारा’, असं मला फार वाटायचं.

मग 1993 आलं. जानेवारीत दंगल, 12 मार्चला बॉम्बस्फोट. त्यानंतरच्या एका संध्याकाळी शेजारचे एक काका अब्बांकडे आले. चांगला माणूस. दंगलीच्या दिवसांत आमच्याकडे दूध पोचवलं होतं त्यांनी. ते चहा प्यायले आणि उठताना हळूच म्हणाले, “ती मागची तार तेवढी उतरवून ठेवा. लोक काहीबाही बोलतात. पोरगा रात्री कोणाशी बोलतो म्हणून विचारतात.”

मित्रहो, त्या सेटवरून बोलता येतच नव्हतं. तो फक्त ऐकायचा सेट होता. मी तसं सांगायला तोंड उघडलं. अब्बांनी हातानंच थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना दिसेल अशा वेळी ते स्वतः शिडी लावून चढले, तार उतरवली, गुंडाळली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिली. मला म्हणाले, “तुझी तार ऐकायची आहे की बोलायची, हे खालून कळत नाही रे.” त्यांना राग आला होता की नाही, मला कधी कळलं नाही. मी परीक्षेचा नाद सोडला. कविता लिहू लागलो. तिला तार लागत नाही.

सात वर्षांनी लोकलमध्ये तो भागाकार करताना हे सगळं वर आलं. उषाबेन म्हणत होत्या, हिंदुस्थानातून कुठूनतरी. गाव सांगता येत नव्हतं, कारण राज्य परक्याचं होतं. आणि त्या केंद्राचा आदर कितीही केला तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. काँग्रेस रेडिओ आजच्या हौशी परवान्यात बसला नसता. हॅमला गाणी लावायची परवानगी नाही, राजकारण नाही, व्यापार नाही, गुप्त भाषा नाही. जे बोलायचं ते सरळ भाषेत, कोणीही ऐकावं असं. आणि सुरुवातीला नाव. मला हा नियम जाचक वाटत नाही. लपून बोलण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांनी ती भोगली ती कोणालातरी उघडपणे बोलता यावं म्हणूनच. 1942 चं केंद्र ठिकाण लपवून बोललं. आजचा हॅम ठिकाण सांगूनच बोलतो. माझ्या लेखी स्वातंत्र्यानं पडलेला फरक तो हाच. आणि म्हणूनच ती तार उतरली त्याचं दुःख मला तारेपेक्षा मोठं वाटतं.

हौस म्हणजे वेळ घालवणं, असं वाटत असेल तर दोन प्रसंग आठवा. जानेवारी 2001 मध्ये भूजचा भूकंप झाला, टेलिफोन गेले, तेव्हा हॅम मंडळी आपापले सेट घेऊन पोचली. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद हौशी केंद्र चालवायला अंदमानात गेल्या होत्या. 26 तारखेला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरमधून बातमी बाहेर काढायला त्यांचा सेट कामी आला. गाडीची बॅटरी, एक लहान सेट आणि मापात कापलेली तार, एवढ्यावर हे चालतं. मध्ये टॉवर लागत नाही.

आम्ही वसई-विरारकरांनी याची चव जुलै 2018 मध्ये चाखली. पावसानं रुळांवर पाणी, गाड्या बंद, मिठागरांवर माणसं अडकलेली, वीज गेलेली. मोबाइल एकेक करून निपचित पडले. माझी बहीण नालासोपाऱ्याला पूर्वेला राहते. अंतर ते किती! पण ती बरी आहे की नाही, हे कळायला मला दीड दिवस लागला, तेही एक मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून निरोप घेऊन आला म्हणून. त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढला. अब्बा तेव्हा नव्हते. तारेचं भेंडोळं त्यांनी बांधलं होतं तसंच होतं, आतून कागद घालून.

वय झालं म्हणून काय झालं? परीक्षा अवघड नाही. बारा वर्षं पूर्ण झालेला कोणीही बसू शकतो. दोन प्रती आहेत, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड. रिस्ट्रिक्टेडला मोर्सचा कट्ट-कडकट्ट यावा लागत नाही. नियम आणि विजेची मूळ तत्त्वं एवढंच. ओहमचा नियम, कॉइल, कंडेन्सर, लाटेचा तो भागाकार. ज्याला सायकलचं पंक्चर काढता येतं, त्याला हे येतं. पण सुरुवात बोलण्यापासून करू नका. आधी सहा महिने नुसतं ऐका. परवाना हातात येईपर्यंत बोलायचं बटण दाबायचंच नाही. चांगला हॅम हा आधी चांगला श्रोता असतो. कवींनाही हे लागू आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर मी ती तार पुन्हा बांधायला काढली. एक माड आता नाही, म्हणून एक टोक गच्चीच्या कठड्याला. शिडीवर होतो तेव्हा शेजारच्या त्याच काकांचा नातू खाली येऊन उभा राहिला. आठवीत आहे. म्हणाला, “काका, कसली तार?”

मी म्हटलं, “आधी मोजपट्टीचं ते टोक धर. मधून दहा मीटर तिकडे, दहा इकडे.”

त्यानं धरलं. मग विचारलं, “यावरून कोणाशी बोलणार?”

“आत्ता फक्त ऐकणार. परीक्षा पास झालो, परवाना आला, की बोलणार.”

“काय बोलणार?”

“आधी नाव सांगणार. मग गाव.”

तो हसला. “गाव काय सांगायचं, काका? सोपाऱ्याचे तर आहात.”

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)